उंचीचं कारण

चष्म्याचा नंबर बदलला असेल, नवी काच बसवली की झालं, एवढंच मनात धरून सोमेश्वर शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून डोळ्यांच्या दवाखान्यात गेला होता. यंत्रापुढे हनुवटी टेकवायला त्याला नेहमीसारखं स्टुलावर अंगाची घडी घालून बसावं लागलं. डॉक्टर मंजुषा नुकत्याच परभणीत आलेल्या, वयाने लहान, बोलायला कमी. त्यांनी उजवा डोळा बघितला, डावा बघितला, पुन्हा उजवा बघितला, दिवा बंद केला, आणि डोळ्यांबद्दल अवाक्षर न काढता म्हणाल्या, "जरा तुमचा हात बघू." त्याने हात पुढे केला. "आता या हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरा. अंगठा आणि करंगळी, बस." त्याने धरलं. करंगळी मनगटाला वेढा घालून आली आणि अंगठ्यावर चांगली पेरभर चढून बसली. पुष्कळ लोकांनी आजवर त्याचे हात असे मागून घेऊन बघितले होते, आणि बघून झाल्यावर प्रत्येक जण काहीतरी बोलायचा, हसायचा. म्हणून सवयीने तोच म्हणाला, "एका हातात बॉल मावतो माझ्या. बास्केटबॉल खेळायचो. प्रोफेशनल होतो." डॉक्टर हसल्या नाहीत. "घरात आणखी कोण उंच आहे?" "वडील होते." "होते म्हणजे?" "गेले. मानवतला, मोंढ्यात. माल उतरून घेता घेता खाली बसले ते उठलेच न्हाईत." "वय काय होतं?" सोमेश्वरने सांगायला तोंड उघडलं आणि मधेच थांबला. हा आकडा त्याने कधी स्वतःच्या वयाशेजारी ठेवून बघितला नव्हता. "माझ्याएवढंच," तो म्हणाला. "मुलं?" "एक मुलगी." "ती?" आणि इथेही, इतकं झाल्यावरसुद्धा, त्याच्या आवाजात तो जुना अभिमान आलाच. "आताच माझ्या खांद्याला लागते," तो म्हणाला. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय, ते मार लागूनही सरकतं, पण तुमचं तसं वाटत नाही, आजच्या आज हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, असं त्या सावकाश म्हणाल्या. "डोळ्यासाठी हृदयाची?" "डोळ्यासाठी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या उंचीसाठी."

बाहेर दुपार तापली होती. रस्त्यावरच्या माणसांची डोकी त्याला नेहमी वरून दिसत. कुणाचा भांग, कुणाचं टक्कल, कुणाची टोपी. आजही ती तशीच दिसत होती, पण आपण एवढ्या वर कशाला आहोत असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. रसवंतीवाल्याने हाक मारली, "काय सर, आज दौरा इकडं?" त्याने हात हलवला. हलवलेला हात खाली येताना त्याने तो पाहिला. हा हात. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरायला लावून, याची मापं घेतली होती, आणि हात उंचीपेक्षा लांब भरल्यावर तिथले सर शेजारच्या सरांना म्हणाले होते, हे बघा, असं शंभरात नाही, हजारात नाही. तेव्हा अंगावर काटा आला होता. गर्दीतून चालताना त्याला आता छातीत काहीतरी जाणवू लागलं, की जाणवतंय असं वाटू लागलं, हे त्यालाच कळेना. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. वडीलही असेच बसले असतील, एवढाच विचार आला आणि तो ताडकन उठला.

हृदयाच्या दवाखान्यात तपासणाऱ्या पोराने शर्ट काढायला सांगितला आणि गळ्यातल्या इष्टलिंगाकडे बोट दाखवून म्हणाला, "ते पण काढा काका." त्याने काढलं नाही, छातीवरून सरकवून मुठीत धरलं. पंचांशी त्याचा याच्यावरून कितीदा वाद झाला होता. गळ्यात काही घालून मैदानावर उतरायचं नाही, हा नियम. आणि मायने, गंगम्माने, घर सोडताना शपथ घातलेली, अंगावेगळं करायचं न्हाई, बेंबीच्या खाली न्यायचं न्हाई. शेवटी तो ते रुमालात गुंडाळून दंडाला बांधायचा, वरून पट्टा चढवायचा. गार जेल छातीवर फिरायला लागलं. पडद्यावर एक करडी पिशवी आकसत होती, फुलत होती. छाती त्याची मधे खोलगट; माय लहानपणी त्या खळग्यात तेल ओतून चोळायची आणि म्हणायची, देवाला बसायला जागा करून ठेवलीय. पोरगा यंत्र एका जागी दाबून धरून बराच वेळ बघत राहिला, मग उठून आतल्या मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेला.

मोठे डॉक्टर म्हातारे, निजामाच्या वेळच्या घराण्यातले, बोलायला मृदू. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघा, आपलं शरीर ज्या धाग्याने शिवलेलं असतं ना, तो धागा तुमचा जन्मापासूनच सैल आहे. मार्फन म्हणतात याला. म्हणून हाडं वाढत गेली, बोटं लांबली, सांधे असे मागे वळतात. तेच डोळ्यात. आणि तेच इथं. हृदयातून जी मोठी नळी निघते, तिचा फुगा झालाय." "फुटला तर?" सोमेश्वरने विचारलं. डॉक्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी पुन्हा वाचली. "तुमच्या वडिलांचं तेच झालं असावं," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की पुण्याला नाहीतर हैदराबादला मोठं ऑपरेशन होतं, नळी बदलतात, लवकर करायला पाहिजे. तोवर गोळ्या, पळायचं नाही, जड उचलायचं नाही, कुणाशी तावातावाने भांडायचंही नाही. "मी तर बास्केटबॉल खेळायचो," सोमेश्वर म्हणाला. "किती वर्षं?" "लहानपणापासून." डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. "कमाल आहे," ते हळूच म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत कौतुक नव्हतं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मुलीला घेऊन या. आलं असेल किंवा नसेल. अर्धं अर्धं असतं ते."

त्या संध्याकाळी तो घरी कुणाला काही बोलला नाही. बायकोने, धनश्रीने, विचारलं, झाला का चष्मा, तर म्हणाला चार दिवस लागतील. खाटेवर पाय बाहेर काढून पडला आणि डोक्यात सगळा जुना खेळ उलट्या बाजूने चालू झाला. मानवतच्या शाळेत पोरं त्याला शिडी म्हणायची. वर्गातल्या जळमटांपासून झाडावर अडकलेल्या पतंगापर्यंत सगळ्यांना तो लागायचा आणि खेळायला कुणालाच नको असायचा. कबड्डीत पहिल्या चढाईत धरला जायचा, धावताना स्वतःच्याच पायात पाय घालून पडायचा. मग तालुक्याच्या स्पर्धेला आलेल्या रंगनाथ सरांनी त्याला एका कोपऱ्यात उभा असलेला पाहिला. त्यांनी काही विचारलं नाही, हातात बॉल दिला. म्हणाले, "पळू नको. उड्या मारू नको. फक्त हात वर कर." त्याने केला. रिंग जवळच होती. इतकी जवळ, की ती आपल्यासाठीच त्या उंचीवर ठोकून ठेवली आहे असं त्याला वाटलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या अंगाची लाज वाटली नाही. सरांनी त्याच दिवशी मोंढ्यात जाऊन सिद्धलिंगअप्पांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, गाठ घेतली. अप्पा दुकानाच्या चौकटीत वाकून उभे राहिले, गोष्ट ऐकून घेतली, म्हणाले, "आमच्या घराण्यात समदेच उंच. त्याचा काय उपयोग होतो म्हणता तर न्या." सहा महिन्यांनी अप्पा गेले. उंच माणसाला मोठी चिता लागते म्हणतात तसं नव्हतं त्यांच्यात, लिंगायतांत बसवून पुरतात. खड्डा खोल खणावा लागला. तो बघत उभा होता, आणि जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, पोरगं बी बापावरच गेलंय.

त्यानंतर सगळं झपाट्याने झालं. पुण्याचं वसतिगृह, राज्याचा संघ, मग एक खासगी लीग निघाली तिच्यात बंगळूरचा संघ. विमान, हॉटेल, पाय न मावणारे मऊ पलंग. मैदानात उतरला की निवेदक भोंग्यातून ओरडायचा, मराठवाडे का मीनार, आणि मोठ्या पडद्यावर त्याच्या पसरलेल्या हातांचं माप झळकायचं. माप झळकलं की टाळ्या. त्याची बोटं मागे मनगटापर्यंत वळायची. सहकारी त्याला ती नव्या पोरांना गंमत म्हणून दाखवायला लावायचे. टाळ्या. ज्या ज्या खुणेवर आज डॉक्टरांनी नुसतं बोट ठेवलं, त्या प्रत्येक खुणेला हजारो लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या होत्या, आणि त्यांतल्या एकालाही ती ओळखू आली नव्हती. रिंगखाली उभा राहा, हात वर ठेव, एवढंच त्याच्याकडून हवं असायचं. त्याला मात्र खरी गोडी लागली होती पासची. पाठीमागून कोण येतंय ते न बघता कळायचं, बॉल हातातून सुटायचा तो बरोबर तिथे, आणि समोरचा अजून त्याच्याकडेच बघत असायचा. ते दोन क्षण. त्यासाठी तो झोपेतून उठून गेला असता. लीग चार हंगामांत गुंडाळली. एके सकाळी मालकांचा फोन लागेना, मग कुणाचाच लागेना. नंतर काही वर्षं तो बोलावतील तिथे खेळला. जालंधर, कोइमतूर, कोट्टायम. जालंधरला एकदा मधल्या वेळात पाठीत आतून कुणी सुरी ओढल्यासारखं झालं. त्याला खाली बसवलं, ग्लुकोज पाजलं, पाठ चोळली, आणि तो उत्तरार्ध पूर्ण खेळला. गेल्या कित्येक वर्षांत ही गोष्ट त्याने गुडघ्याच्या दुखण्याइतकीसुद्धा आठवली नव्हती. आता खाटेवर पडल्या पडल्या त्याला ती सुरी पुन्हा तशीच, त्याच जागी, सरकताना दिसत होती. आपण तिथेच मेलो असतो. पोरगी, रुद्राणी, तेव्हा जन्मली नव्हती.

रुद्राणी अंगणात भिंतीवर बॉल आपटत होती. एकसारखा ठेका, धप, धप, आणि हात बदलला की किंचित वेगळा धप. शाळेतल्या कंत्राटी नोकरीत त्याने कितीक पोरींना शिकवलं, पण या पोरीला शिकवावं लागलं नाही. तिला तो पास कळायचा. एकदा सेलूच्या स्पर्धेत तिने मान न वळवता मागे टाकलेला बॉल त्याने पाहिला, आणि कुणाला दिसू नये म्हणून तो पाण्याची टाकी बघायला गेल्यासारखा बाजूला गेला होता. आता तिची निवड झाली होती, मोठ्या अकादमीत, राहून खेळायची. पुढच्या महिन्यात जायचं. रंगनाथ सर निवृत्त होऊन गंगाखेडला मुलाकडे राहत होते, त्यांनी फोन करून सांगितलं होतं, "सोमा, तुझं अर्धं राहिलेलं ही पोरगी पुरं करती बघ." ते वाक्य तो बरेच दिवस तोंडात खडीसाखर घोळवावी तसं घोळवत होता. माय दारात बसून शेंगा सोलत म्हणाली, "पोरीला जास्ती उंच होऊ देऊ नको रे, नवरा कुठून आणायचा?" रुद्राणी हसली. "तुझ्या सासरच्यांकडून घ्यायचा होता न आज्जी, त्यांनी उंची देऊन ठेवली, नवरा न्हाई ठेवला." धनश्रीही हसली. सोमेश्वर कुशीवर वळला.

चार दिवस त्याने तसेच काढले. पाचव्या दिवशी धनश्रीच्या हातात गोळ्यांची पुडी लागली आणि त्याला सगळं सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर धनश्री म्हणाली, "रुद्राणीला उद्या न्यायचं." "परीक्षा होऊ दे तिची." "उद्या," ती म्हणाली. "तुमी आता चार दिवस दडवलं ते दडवलं." नेताना रुद्राणीला सांगितलं की अकादमीत जायच्या आधी तपासणी लागते. तिने यंत्राखाली पडल्या पडल्या त्या पोराला विचारलं, हे माझंच हाय का, असं का उडायलंय. बाहेर बाकावर सोमेश्वर नवसाचे शब्द जुळवत होता आणि ते जुळत नव्हते; कारण जे मागायचं ते मागताना त्याला कळलं की आपण मनातल्या मनात दोन गोष्टी मागतोय, एक पोरीचा जीव आणि एक तिचा खेळ, आणि दुसरी पहिल्याइतक्याच जोरात.

होतं. त्याच्याइतकं नव्हतं, पण होतं. फुगवटा लहान होता, गोळ्यांनी रोखता येईल, वर्षातून एकदा बघत राहायचं, ती म्हातारी होऊ शकते, शिकू शकते, पोहू शकते हळूहळू. "हे खेळ मात्र नको," डॉक्टर म्हणाले. "धावायचे, उड्यांचे. अजिबात नको." रुद्राणीने डॉक्टरांकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं, जसं चुकीचा फाऊल दिल्यावर खेळाडू पंचाला सोडून आपल्या सरांकडे बघतो. तो खाली बघत राहिला.

घरी आल्यावर त्याने रंगनाथ सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "दुसऱ्याला दाखव. डॉक्टर काय, एक म्हणतो नको, दुसरा म्हणतो चालतंय. तू खेळलास न इतकी वर्षं? काय झालं तुला?" "सर, अप्पा—" "अप्पा तंबाखू खायचे," सर म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता. म्हातारपणाने की कशाने, त्याला कळेना. "अशी पोरगी पुन्हा न्हाई मिळायची, सोमा. तू पण न्हाई मिळालास पुन्हा." फोन ठेवल्यावर त्याला रागच आला नाही. त्याला भीती वाटली, कारण सर बोलत असताना त्याच्या आत कुणीतरी मान डोलावत होतं.

रुद्राणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, गुडघे हनुवटीपाशी. रडून झालं होतं. "पप्पा, एक विचारू?" ती म्हणाली. "विचार." "तुमाला माझ्याएवढं असताना कुणी सांगितलं असतं, तर?" धनश्री चुलीपाशी थबकली. सोमेश्वरला मोंढ्यातलं ते दुकान दिसलं, अप्पांची गादी, तराजू, तुरीच्या पोत्यांचा उग्र वास, आणि त्या गादीवर बसून म्हातारा झालेला, सुरक्षित, वाकलेला एक उंच माणूस, ज्याला कधी कुणी हातात बॉल दिला नव्हता. त्या माणसाची त्याला कीव आली. धनश्री त्याच्याकडे रोखून बघत होती. "सोडलं असतं," तो म्हणाला. "लगेच सोडलं असतं." रुद्राणीने मान हलवली. "खोटं बोलायलाव तुमी," ती म्हणाली, पण भांडणाच्या सुरात नाही; एखाद्या मोठ्या बाईने लहानाला समजून घ्यावं तशी. आणि उठून तिने आज्जीचं जेवण वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जाग आली तेव्हा तिची गोधडी घडी करून ठेवलेली होती. बॉल जागेवर नव्हता. धनश्री पाणी भरत होती. तिला वाटलं पोरगी मागे न्हाणीत आहे. त्याने तिला काही सांगितलं नाही, चपला घातल्या आणि निघाला. शाळेचं मैदान लांब नव्हतं. पळत गेला असता तर लगेच पोचला असता, पण पळायचं नव्हतं, म्हणून तो चालत निघाला, आणि चालताना त्याला आपलं काळीज मोठ्या पाखरासारखं फडफडताना ऐकू येत होतं. दूधवाले, झाडूवाल्या बाया, मशिदीतून परतणारी माणसं, सगळे त्याला सलाम करत, नमस्कार करत, नि तो फक्त पायांकडे बघत होता. आपण काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं. ओरडायचं नाही. जवळ जायचं, बॉल हातातून काढून घ्यायचा, खांद्यावर हात ठेवायचा, म्हणायचं, चल बाळा, पुरे. एवढंच. ते त्याने तीनतीनदा घोकलं. फाटकातून आत आला तेव्हा ती दिसली. मैदान रिकामं, सिमेंट अजून गार, आणि ती एकटी पळत होती. पळत येत होती, थांबत होती, वर उठत होती, बॉल हातातून सोडत होती, पुन्हा आणायला धावत होती. चेहरा घामाने चमकत होता. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, बंडही नव्हतं, काहीच नव्हतं; फक्त ती जाळी होती समोर. त्याला तिचा श्वास ऐकू येत होता. प्रत्येक उडीला त्या पातळ नळीवर काय होत असेल ते त्याला पडद्यावरच्यासारखं दिसत होतं. तो फाटकाचा गज धरून उभा राहिला. आता. आता हाक मारायची. ती पुन्हा उठली, बॉल सुटला, रिंगच्या कडेला लागून बाहेर गेला. पुन्हा उठली, पुन्हा कडेला लागला. तिने त्याला बघितलं होतं की नाही कोण जाणे. तिने मान वळवली नाही. बॉल घेऊन ती पुन्हा रेषेवर आली. सोमेश्वरने तोंड उघडलं.

"कोपर आत," तो म्हणाला. "कोपर आत घे, रुद्रा."

तिने कोपर आत घेतलं.